नारळावरची मतं

भेकरवाडीचा काशीराम एका जागी शांत बसलाय, असं कोणी पाहिलेलं नाही. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. बोलताना हाताला काहीतरी लागायचंच. कधी काथ्या वळत बसायचा, कधी काठी तासायचा, आणि काहीच नसलं तर समोरच्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून त्याच्या दशा मोजायचा. मुंबईला गिरणीत लागला होता, तेही सोडून आला. कारण काय, तर यंत्रापाशी उभं राहायचं म्हणजे उभंच राहायचं. हे कारण ऐकून वाडी पोट धरधरून हसली. त्याची बायको चिमा तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "ह्यांच्या पायाला भोवरा हाय, आनि मला ह्यांच्या पायाला बांधलीय."

चिमा वाडीची सुईण. वाडीतली निम्मी पोरं तिच्याच हातांवर जगात आलेली, त्यामुळे तिला उलटून बोलायची कोणाची छाती नव्हती. काशीरामचीही नव्हती. त्यांना एकच लेक, सखू. ती दिली होती कातळकोंडीला. कातळकोंडी म्हणजे परमुलूख नव्हे. काशीरामच्या अंगणात उभं राहिलं की पलीकडे लेकीच्या चुलीचा धूर दिसायचा. पण मधे पऱ्ह्या, डोंगरातून येणारा ओढा. उन्हाळ्यात त्यातल्या दगडांवरून पोरंसोरं उड्या मारत जायची. मृगाचा पाऊस लागला की तोच पऱ्ह्या असा फुगायचा, की तिकडचा माणूस तिकडे आणि इकडचा इकडे. वळसा घालून जायचं म्हटलं तर डोंगर चढून उतरावा लागे, आणि तिथे दुसरा पऱ्ह्या वाट अडवून बसलेला. चार महिने मायलेकी एकमेकींना हात करायच्या, बस.

त्या पऱ्ह्यावर एक साकव हवा होता. फार काही नाही, दोन काठांना चिरेबंदी टेकू, वर ऐनाचे वासे, त्यावर फळ्या आणि धरायला कठडा. बांधायचा अधिकार लोकल बोर्डाचा. आणि बोर्डात आपल्या भागाचे मेंबर कोण, तर अण्णा खोत. ज्यांच्या जमिनीवर अख्खी वाडी राबत होती तेच.

काशीराम एकदा अण्णांच्या पडवीत जाऊन उभा राहिला. हे एकोणीसशे तेवीस-चोविसातलं, सखू तेव्हा परकर नेसून हिंडत होती. साकवाचं काढल्यावर अण्णा म्हणाले, "पावसात पलीकडे जायचं काय अडलंय तुमचं? घरात बसावं."

"अण्णा, बोर्डाला मत कुनी दिलं तुमाला?" काशीरामने विचारलं. साधंच विचारलं होतं, खोचून नव्हे.

"मीच दिलं की. तुम्हा सगळ्यांच्या वतीने." अण्णा सुपारी कातरत म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. सरकारला सारा भरेल त्याला मत. सारा भरायचे खोत, आणि कुळं भरायची ती खोताला. तेव्हा घाम वाडीचा, मत अण्णांचं. पण त्या दिवशी काशीरामच्या डोक्यात जो किडा शिरला तो शिरलाच. आपल्याला मत मिळालं की साकव झालाच, असा त्याने हिशेब मांडला. तिथून पुढे बारा वर्षं तो माणूस चालत होता. मंडणगडच्या कचेरीत चाल, दापोलीला चाल, एकदा तर रत्नागिरीला बोटीने जाऊन ओकत ओकत परत आला. मंडणगडला गोपाळराव नावाचे एक तरुण वकील होते, खोतांशी उभा दावा असलेले. त्यांनी त्याला हाताशी धरला. वकील इंग्रजीतून लिहायचे आणि काशीराम ते टपालात टाकायला पळायचा. आपण लिहिलेल्याने काही होतं की नाही हे वकिलांनाही ठाऊक नसावं. पण वरचे वारे फिरत होते. कायदा बदलला, साऱ्याची अट खाली आली, कसणारं कूळही त्यात धरलं गेलं, आणि बत्तिसाच्या सुमारास भेकरवाडीच्या बहुतेक घरकर्त्यांना मत मिळालं.

वाडीत साखर वाटली काशीरामने. चिमाने विचारलं, "मला नाय का?" तेव्हा तो जरा वरमला. तिच्या नावावर जमीन कुठली असायला.

मग पहिलं मतदान झालं, अण्णांविरुद्ध वकील उभे, आणि साखरेची चव उतरली. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलेलं, टेबलामागे कारकून, आणि कारकुनाच्या शेजारी खुर्ची टाकून अण्णा खोत पान खात बसलेले. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याने नाव तोंडाने सांगायचं, कारकून खूण करणार. एकेक जण पुढे यायचा, अण्णांकडे बघायचा आणि म्हणायचा, "अण्णा." काशीराम रात्रंदिवस घोकून आला होता, गोपाळराव वकील, गोपाळराव वकील. टेबलापाशी गेला. अण्णा म्हणाले, "काय काशीराम, भात बरं आलंय ना यंदा?" काशीरामने तोंड उघडलं आणि आतून अण्णांचंच नाव बाहेर पडलं.

घरी येताना त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की वाटेत बसून तो ओक्साबोक्शी रडला. हा एवढा उड्या मारणारा माणूस, आणि ऐन वेळी जीभ खोताची झाली. पण त्याने दोष जिभेला दिला नाही, टेबलाला दिला. उघड्यावर विचारलं की माणूस उघड्यावर भितो. पडदा पाहिजे. पुन्हा पळापळ, पुन्हा वकिलांचं इंग्रजी. आणि खरंच छत्तीस साली, शिमग्याच्या आधी, पडदा आला. रंगीत पेट्या आल्या. वकिलांची पिवळी, अण्णांची हिरवी. पडद्यामागे जायचं, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, बाहेर यायचं. आत काय केलं ते बायकोलाही कळणार नाही.

आता काशीरामने निवांत झोपायला हवं होतं की नाही? पण झोपेल तो काशीराम कसला. पडदा आला आणि तो बोटांवर घरं मोजायला लागला. आत गेलेला माणूस काय करील याचा नेम काय? गंगाराम भित्रा, त्याला हिरवी पेटी दिसली की अण्णा दिसतील. बाबल्याचं गुरवपण खोताच्या मर्जीवर. कोण कुठे टाकील हे आता अण्णांना दिसणार नाही, तसंच आपल्यालाही दिसणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. जे मिळवायला तो बारा वर्षं झिजला तेच त्याला आता खुपायला लागलं.

मग त्याने वाडीची जुनी रीत बाहेर काढली.

भेकरवाडीत कोणतीही मोठी गोष्ट ठरली की गावकी वाघजाईच्या सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या ओट्यावर, जमते. देवीसमोर नारळ ठेवायचा, घरटी एक हात नारळाला लावायचा आणि शब्द द्यायचा. पाण्याच्या पाळ्या तशाच ठरतात, शिमग्याचे मानही तसेच. हात लावून फिरला त्याला देवी बघून घेते, आणि देवीच्या आधी गावकी बघून घेते. मतदानाआधी एका सकाळी काशीरामने सगळ्यांना सहाणेवर बोलावलं. वकीलही आले होते, वहाणा लांब काढून हात जोडून उभे. गंगाराम गावकीचा वडीलधारा, तो जरा कचरला. "काशीराम, सरकार म्हनतंय कुनाला सांगू नका. आनि तू म्हनतोस देवीला सांगा."

"देवी काय कुनाला सांगायला जाते?" काशीराम म्हणाला. "शब्द दिल्याबिगर मानसाचा काय भरवसा? खोत कोंबडं पाठवील, तुमी पाघळाल. लावा हात."

हात लागले. पहिला काशीरामचा, मग एकेक करत सगळ्यांचे. बाबल्या गुरवाचा सगळ्यांत शेवटी, पण लागला. ह्या वेळी आणि पुढेही, भेकरवाडी पिवळ्या पेटीची. वकिलांचे डोळे भरून आले होते, आणि ते सोंग नव्हतं. ते म्हणाले, "पावसाआधी साकव. माझा शब्द."

गोपाळराव निवडून आले. अण्णा खोत आपटले. वाडीने ढोल बडवले, आणि काशीराम नाचून नाचून दुसऱ्या दिवशी लंगडत होता.

आता ऐका. सखूला दिवस गेलेले होते. पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरी व्हायचं. दिवस भरणार श्रावणात. चिमाने वैशाखातच धोशा लावला, "पऱ्ह्या कोरडा हाय तवर पोरीला आनूया." पण कातळकोंडीला सासूसासरे थकलेले, जावई रघू एकटा, आणि लावणीला हात हवे. सासू म्हणाली, लावणी आटपली की धाडते. चिमा कबूल होईना. म्हणाली, "लावनी आटपंल तवा पऱ्ह्या भरून वाहंल."

"अगो, पन साकव होतोय ना." काशीराम हसून म्हणाला. "चालत येईल तुजी लेक साकवावरून, डोकीवर पदर घेऊन. पयली सखूच चालंल त्यावरून. कशाला त्यांच्या लावनीचा खोळंबा?"

 बारा वर्षं त्याचे पाय झिजलेले पाहिले होते म्हणून असेल, चिमाने हट्ट सोडला.

ज्येष्ठ लागायच्या सुमारास ऐनाचे वासे भरलेल्या बैलगाड्या खालच्या वाटेने आल्या. काशीराम वाटेत आडवा जाऊन उभा राहिला, गाडीवानांना पाणी दिलं, बैलांना थोपटलं. गाड्या त्याच्यासमोरून वळल्या आणि उंबरवाडीच्या वाटेला लागल्या. त्याला वाटलं, चुकले. धावत गेला, "अवो, भेकरवाडी हिकडं." गाडीवान म्हणाला, "आमाला उंबरवाडीच सांगितलीय बाबा."

उंबरवाडी डोंगरापलीकडे, तिसऱ्याच पऱ्ह्यावर, कातळकोंडीच्या वाटेवर नव्हे. तिथल्या साकवाचा भेकरवाडीला काडीचा उपयोग नाही.

काशीराम तसाच मंडणगडला निघाला. अंगात बंडी, पायात काही नाही. वकिलांच्या ओसरीवर पोचल्या पोचल्या त्याने गाड्या कुठे वळल्या ते सांगितलं. गोपाळरावांनी त्याला बसायला पाट दिला, तो बसला नाही. ते भले गृहस्थ, त्याच्याशी खोटं बोलले नाहीत. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

"काशीराम, यंदा पैसा एकाच साकवापुरता आला," ते म्हणाले. "उंबरवाडीची निम्मी मतं मला आणि निम्मी अण्णांना. त्यांना आता साकव दिला नाही तर पुढच्या खेपेला सगळी तिकडे जातील आणि मी पडेन. मग ना त्यांचं काम ना तुमचं. तुमचं तसं नाही. भेकरवाडी माझी आहे."

"आमी पन मतं दिली की, सायेब."

"दिलीत ना. आणि पुढेही देणार आहात. देवीसमोर हात लावलाय तुम्ही, माझ्या डोळ्यांदेखत. तुमची मला काळजी नाही. पुढच्या वर्षी बघू." आणि त्यांनी आतून त्याच्यासाठी ताक मागवलं.

ताक तसंच राहिलं. परतताना काशीराम चालत नव्हता, पळत होता, आणि आभाळ त्याच्यापेक्षा जोरात पळत होतं. सखूला आजच्या आज आणायची, लावणी गेली खड्ड्यात, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. घाट उतरेपर्यंत पावसाने गाठला. असा पाऊस की समोरचं झाड दिसेना. पऱ्ह्यापाशी आला तेव्हा पाणी कमरेच्या वर आणि लाल. पलीकडे सखू इरलं पांघरून शेतात उभी होती. तिने नेहमीसारखा हात केला. ह्यानेही केला. दुसरं काय करणार.

त्या वर्षी पऱ्ह्या उतरलाच नाही. रोज काठावर जायचं, पाण्यात काठी खुपसून बघायचं, परत यायचं. रोज. श्रावणात एका दुपारी पलीकडून रघूच्या हाका आल्या. सखूला कळा लागल्या होत्या. कातळकोंडीत सहा घरं आणि सुईण एकही नाही. चिमा काठावर गेली, पदर खोचून, पाण्याला पाय लागेपर्यंत. मग सुरू झालं ते भलतंच. रघू घरात धावायचा, सासूला विचारून काठावर यायचा, ओरडून सांगायचा. इकडून चिमा ओरडायची, तो पुन्हा घरात. पाण्याच्या आवाजात निम्मे शब्द बुडायचे. मूल पायाळू आहे, आधी पाय दिसतायत, हे कळलं तेव्हा चिमाने डोळे मिटले. तशी पोरं तिने कितीतरी सोडवली होती. पण ते तिच्या हातांना माहीत होतं, तोंडाला नव्हतं. हात कसा घालायचा, किती वळवायचा, कुठे थांबायचं, हे पाण्यापलीकडे ओरडून कसं सांगायचं? तरी सांगत होती. घसा फाटेपर्यंत सांगत होती. तिचे हात हवेत, जणू मूल समोरच आहे, असे वळत होते.

काशीरामने दोनदा पाण्यात उडी घातली. दोन्ही वेळा गंगारामने आणि बाबल्याने त्याला काष्ट्याला धरून ओढून काढला.

दिवे लागायच्या आत रघू काठावर आला आणि नुसता बसला. सखू वाचली. मूल गेलं. मुलगा होता.

चिमा घरी आली, हात धुतले. नुसतेच धुतले, लागलेलं काही नव्हतं त्यांना. मग एवढंच म्हणाली, "मी तिला वैशाखात आननार होते." पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर काशीरामला सोसल्या असत्या.

पुढच्या वर्षी साकव झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. एकोणचाळीस साल उजाडलं, पुन्हा पेट्या यायच्या झाल्या, आणि गोपाळरावांचा निरोप आला की ह्या पावसाआधी नक्की. गंगारामने गावकी बोलावली. जुना शब्द पक्का करायला नारळ मांडला गेला. हात लावायला पहिलं बोलावलं ते अर्थात काशीरामला.

काशीराम जागचा हलला नाही. "मी हात लावनार नाय," तो म्हणाला. "तुमीबी लावू नका. आपला शब्द घेऊन तो निवांत झोपतो. त्याला कळू दे का, भेकरवाडी काय करंल ते ठरलेलं नाय. जरा जागा राहू दे त्याला."

"तूच नारळ ठेवायला लावलास," गंगाराम म्हणाला.

"मीच लावला. माजाच नातू गेला."

सगळे खाली बघू लागले. पण गंगाराम जुना माणूस, त्याला मागे राहिलेला हात सोसेना. "मंग तू कुनाला देनार ते तरी सांग."

"ते पडद्यामागं."

"म्हंजे खोताला." मागून कोणीतरी बोललं, आणि सहाणेवर कुजबुज पेटली. एवढी वर्षं खोताशी झगडलेला काशीराम, त्याच्या नावावर एका क्षणात खोताचं कोंबडं चढलं. त्याने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं, हात जोडले. जे दाखवत नाही त्यात काहीतरी काळं असणारच, हे गावकीचं म्हणणं. हे म्हणणं तर त्यानेच त्यांच्या गळी उतरवलं होतं. एकेकाचा हात नारळाला लागत गेला आणि काशीराम उभ्या उभ्या परका झाला. त्या दिवसापासून त्याच्याकडे तंबाखू मागायला कोणी आलं नाही. चिमाला मात्र बोलावणी येत. ती जायची, बाळंतपण उरकायची आणि त्या घरचं पाणीही न पिता परत यायची.

मतदानाच्या दिवशी तो एकटा गेला. कारकुनाने कागद दिला, तो पडद्याआड शिरला. समोर दोन पेट्या. हिरवी अण्णांची, ज्यांनी घरात बसा म्हटलं होतं. पिवळी वकिलांची, ज्यांनी ताक पाजायला काढलं होतं. कोणी बघत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. एवढ्यासाठी त्याने जन्म चालण्यात घालवला, आणि आत येऊन बघतो तर निवडायला हे दोघे. तिसरी पेटी कुठे आहे म्हणून त्याने खरंच पडद्याखाली वाकून पाहिलं. बाहेरून कारकून खेकसला, "झोपलास काय रे आत?" त्याने कागद टाकला आणि बाहेर आला. कुठल्या पेटीत, ते त्याने चिमालाही सांगितलं नाही.

गोपाळराव पुन्हा निवडून आले. आभार मानायला वाडीत आले तेव्हा सगळी गावकी त्यांच्यामागे होती. काशीराम आपल्या अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होता. वकील आत आले. गावकी कुंपणाबाहेरच थांबली.

"काशीराम, मी ऐकलं, तू ह्या खेपेला नारळाला हात लावला नाहीस," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मनात काही नाही माझ्या. पण मला सांग, तू कुणाला दिलंस?"

एवढ्या वर्षांत ह्या माणसाने त्याला पहिल्यांदा काही विचारलं होतं. काशीरामने हातातली काठी खाली ठेवली. पऱ्ह्याकडे बोट केलं. पलीकडे सखूच्या घरातून धूर निघत होता.

"सांगतो ना, सायेब. आषाढात या. सखूच्या दारात बसू, तितं सांगतो."

गोपाळरावांनी पऱ्ह्याकडे एकदा पाहिलं आणि ते कुंपणाबाहेर गेले. त्यांच्यामागे गावकीही निघाली. गंगाराम तेवढा मागे राहिला, आणि कुंपणावरून हात पुढे करून त्याने काशीरामकडे तंबाखू मागितली.